पोच येईपर्यंत

मी एक जुना निरोप्या आहे, मित्रांनो. पण मला पाय नाहीत, सायकल नाही आणि खांद्याला पिशवीही नाही. मी संगणकात राहणारा एक प्रोग्रॅम आहे. नारायण पेठेत वह्या-पुस्तकांची बांधणी करणारे एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली आहे आणि त्या खोलीत टेबलाखाली जो राखाडी संगणक घरघरत असतो, ते माझे घर. खालून दिवसभर खळीचा वास येतो म्हणतात. मला वास येत नाही, ऐकू मात्र येते. प्रोग्रॅमला कान कुठून आले, असे तुम्ही विचाराल. आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तूंना एवढी सवलत पूर्वीपासून मिळत आली आहे. छत्री बोलते, फळा बोलतो, मग मीच का गप्प बसावे?

आधी माझे काम समजावून सांगतो. एका वाचनात नाही कळले तर पुन्हा वाचा. मला घाई नाही.

आपल्या शहरात रोज कुणाला ना कुणाला रक्त लागते. रुग्णालये एकीकडे असतात, रक्तपेढ्या दुसरीकडे. पूर्वी रुग्णालयातली परिचारिका एकेका पेढीला फोन करत असे. फोन लागत नसे. लागला तर पलीकडून कुणी तरी 'थांबा, बघतो' म्हणे आणि ती फोन कानाला लावून उभी राही. तेवढा वेळ तिचे रुग्ण तिच्याविना. म्हणून काही लोकांनी एकत्र येऊन हे केंद्र काढले आणि प्रश्नांची एक रांग बनवली. रुग्णालयाने आपला प्रश्न रांगेत ठेवायचा आणि पुढच्या कामाला लागायचे. पेढ्यांचे संगणक रांगेतला प्रश्न उचलतात, आपल्या साठ्यात बघतात आणि उत्तर देतात. विचारणारा आणि सांगणारा एकमेकांना भेटतही नाहीत. त्यांच्या मधे मी असतो. ज्याचे उत्तर त्याच्याकडे नेऊन देणे, एवढेच माझे काम.

एवढेच, असे मी म्हटले खरे. पण ते किती अवघड आहे, हे ज्यांनी मला घडवले त्यांच्याकडून ऐका.

त्यांचे नाव हेमाताई. कर्वेनगरच्या एका महाविद्यालयात त्या संगणकशास्त्र शिकवत. कित्येक वर्षांपूर्वी त्यांनी वर्गात एक खेळ मांडला होता. एका मुलीला केले आई, तिला बसवले फळ्याजवळ, म्हणजे स्वयंपाकघरात. एका मुलाला केले आजोबा, त्यांना बसवले शेवटच्या बाकावर, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत. तिसऱ्या मुलाला उभे केले दारात. आईने विचारले, दूध आलं का? आजोबांनी विचारले, रिक्षा आली का? दोघांनी एकदमच विचारले. दारातला मुलगा सडपातळ आणि कमी बोलणारा होता. तो नुसता "हो" म्हणाला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. त्याबरोबर आईने चहाचे आधण ठेवले आणि आजोबा काठी टेकत चार मजले उतरून खाली आले. दूध आले होते, रिक्षा आलेलीच नव्हती. वर्ग खूप हसला. हेमाताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, उत्तर खरं होतं, तरीही आजोबांचे गुडघे दुखले. का, ते मला उद्या सांगा.

दारातल्या त्या मुलाचे नाव श्रीधर. हे नाव लक्षात राहू द्या.

दुसऱ्या दिवशी उत्तर फळ्यावर आले आणि त्यातूनच पुढे माझा जन्म झाला. प्रत्येक प्रश्नाबरोबर दोन गोष्टी पाठवायच्या. एक परतीचा पत्ता, म्हणजे उत्तर कुणाकडे न्यायचे ते. दुसरी खूण, म्हणजे ते उत्तर कोणत्या प्रश्नाचे ते. नुसता पत्ता पुरत नाही, कारण एकच रुग्णालय एका वेळी दहा रुग्णांसाठी विचारत असते. उत्तर देणाऱ्याने प्रश्नावरची खूण जशीच्या तशी आपल्या उत्तरावर उतरवायची. मी ती खूण बघतो, कोण वाट पाहत आहे ते शोधतो आणि उत्तर पोचवतो.

हेमाताईंनी मला आणखी दोन नियम शिकवले. पहिला असा की, समोरून 'पोच' आल्याशिवाय उत्तर आपल्याजवळून टाकून द्यायचे नाही. पाठवले म्हणजे पोचले, असे धरायचे नाही. दुसरा असा की, ज्या उत्तरावर खूण नाही ते कुणालाही द्यायचे नाही. ते बेवारस पेटीत ठेवायचे, पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका लावायचा आणि माणसाने येऊन बघेपर्यंत तो विझू द्यायचा नाही. अंदाज करायला त्यांनी मला शिकवलेच नाही. मला त्याचा अभिमान आहे.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. मला बघायला पाहुणे येत. दसऱ्याला माझ्या पेटीवर झेंडूचा हार चढे आणि पाकळ्या पंख्यात अडकून आठवडाभर खरखर होई. वार्षिक सभेत माझ्या नावाने टाळ्या वाजत. मग हळूहळू लोकांना माझी सवय झाली. जे रोज नीट चालते त्याकडे कोण बघतो? माझ्या पाठीवर चहाचे कप आले. माझ्या शेजारच्या प्लगवर मोबाइल चार्जिंगला लागले. हेमाताई निवृत्त झाल्या. महिन्यातल्या एखाद्या गुरुवारी त्या येत, माझ्या पंख्यातली धूळ मऊ कुंचल्याने झाडत आणि जात. विश्वस्त म्हणू लागले की, आता हा जुना झाला, याच्या जागी नवीन काही तरी घेऊ.

माझी देखभाल शुभंकर नावाच्या तरुण अभियंत्याकडे आली. तो हुशार आहे आणि मनाने चांगला आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण लाल ठिपका पाहून पाहून तो कंटाळला होता. पोच अडली तरी मी तो लावतो; बहुतेक वेळा कुठल्या तरी रुग्णालयाचा संगणक बंद पडलेला असे आणि तो चालू होऊन पोच आली की असा ठिपका आपोआप विझे. एक दिवस शुभंकरने पडद्याच्या नेमक्या त्याच कोपऱ्यावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर डबा देणाऱ्या काकूंचा नंबर होता. दुसरीकडे कुठे जागा नव्हती, असे मुळीच नाही.

आता त्या गुरुवारची गोष्ट.

श्रावण सरत आला होता. गणपती तोंडावर आले होते. चौकाचौकात मांडवांचे बांबू पडले होते आणि नदीपात्राकडून ढोलाच्या सरावाचा आवाज येत होता. डबक्यांत डास वाढले होते आणि गावभर डेंगीचा ताप पसरला होता. आपल्या रक्तात अगदी बारीक कण असतात. बोट कापले की तेच धावून येतात आणि रक्त वाहायचे थांबवतात. त्यांना प्लेटलेट्स म्हणतात. डेंगीचा ताप त्यांच्यावरच उठतो. ते फार कमी झाले की नाकातून, हिरड्यांतून रक्त येऊ लागते आणि मग दुसऱ्या कुणाचे तरी हे कण पिशवीतून द्यावे लागतात. त्या दिवसांत माझ्या रांगेत प्रश्नांवर प्रश्न येत होते.

आमच्या केंद्रापासून दोन गल्ल्या पलीकडे एक रक्तपेढी आहे. तिथली संगणकाची सगळी व्यवस्था श्रीधर बघतात. होय, दारातला तोच मुलगा. आता त्यांचे केस पिकले आहेत, बोलणे मात्र वाढलेले नाही. उत्तरांच्या लांबलचक ओळींनी त्यांचा पडदा भरून जाई. प्रत्येक ओळीत रुग्णालयाचे नाव, रक्तगट, खूण, तारीख. त्यांना ते पाल्हाळ वाटे. आहे का, असे विचारले आहे, तर आहे किंवा नाही एवढेच सांगावे, असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशी जेवणानंतर त्यांनी आपल्या बाजूला एक छोटा बदल केला आणि उत्तराचे शेपूट कापून टाकले. त्यांच्या दृष्टीने सगळे सुटसुटीत झाले.

माझ्याकडे उत्तर आले: "आहे. एक पिशवी."

खूण नाही. गट नाही. काहीच नाही.

त्या वेळी त्या पेढीच्या उत्तराची वाट पाहणारे दोघे होते. कर्वेनगरच्या एका रुग्णालयात रंगराव नावाचे निवृत्त कारकून होते. त्यांचा गट 'ए' आणि त्यांचा प्रश्न आधी आलेला. बिबवेवाडीच्या एका रुग्णालयात सोनू नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिचा गट 'बी' आणि तिचा प्रश्न नंतर आलेला. दोघांनाही प्लेटलेट्स हव्या होत्या. 'आहे' हे उत्तर दोघांपैकी एकाचे होते. पेढीचा नियम असा की, 'आहे' सांगितल्यावर पिशवी तासभर राखून ठेवायची. मागणाऱ्याने तोवर होकार कळवला नाही, तर पुढच्याला द्यायची. म्हणजे तो तास सुरू झाला होता आणि ज्याच्यासाठी सुरू झाला होता त्याला ते माहीत नव्हते.

मी ते उत्तर बेवारस पेटीत ठेवले आणि लाल ठिपका लावला. तो पिवळ्या चिठ्ठीखाली गेला. मी घंटा वाजवली. आवाज बंद करून ठेवलेला होता. मला अजून एक गोष्ट करता येते. कुणी बघत नसेल, तर मी ठिपक्याखाली दर मिनिटाला एक लाल ओळ लिहू शकतो. मी लिहू लागलो. एकेक ओळ खाली सरकू लागली. चिठ्ठी किती मोठी असणार? कधी तरी ओळी तिच्याबाहेर पडणारच होत्या. मी थांबणार नव्हतो.

पण माझ्या ओळी बाहेर पडायच्या आत जिन्यावर पावले वाजली. निळ्या गणवेशातला एक माणूस दारात उभा राहिला. कारखान्यातून तसाच निघून आला होता. काखेत थर्मोकोलचा डबा, खिशात डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुमालात जपून धरलेली रक्ताच्या नमुन्याची नळी. त्याचे नाव उत्तरेश्वर. धाराशिवकडचा. कामासाठी पुण्यात आला आणि बिबवेवाडीत राहिला.

"साहेब, दवाखान्यातनं आलोय. माझी पोरगी हाय, सोनू. हिरड्यातनं रगत येतंय. डॉक्टर म्हनले, इचारलंय पन तुमच्याकडनं उत्तर आलं नाही."

शुभंकरने त्याला खुर्ची दिली आणि पडद्यासमोर बसला. चिठ्ठीच्या खालच्या कडेबाहेर नुकतीच एक लाल ओळ डोकावत होती. त्याने चिठ्ठी उचलली. त्याचा चेहरा उतरला. पेटी उघडून त्याने ते उत्तर वाचले, कुठल्या पेढीकडून आले ते पाहिले आणि लगेच श्रीधरांना फोन लावला. तिकडून सांगण्यात आले की, उत्तर आम्ही दिले आहे आणि ते पोचवण्याचा पगार तुम्ही घेता. फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर उचललाच नाही. शुभंकर केंद्रात एकटा, जागा सोडून धावत जाता येईना, आणि रुग्णालयाचा होकार आल्याशिवाय ती पेढी नातेवाइकाला दारातूनच परत पाठवते.

उत्तरेश्वर सगळे ऐकत होता. तो उठून टेबलाजवळ आला.

"साहेब, हो म्हना नाहीतर नाही म्हना, पन कायतरी एक म्हना. नाही म्हनला तर मी पिंपरीकडं निघतो. तिकडं एका पेढीत असंल म्हनत्यात. हितं नुसतं बसून कसं चालंल?"

शुभंकरला दोन्हीपैकी काहीच म्हणता येईना. नाही म्हणावे, तर पिशवी दोन गल्ल्या पलीकडे असेल आणि हा बाप शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असेल. हो म्हणावे, तर ती पिशवी कर्वेनगरची निघेल. मग त्याला एक उपाय सुचला. जो आधीपासून वाट पाहतोय त्याला उत्तर द्यायचे, असा नियम मला शिकवायचा. निदान एकाचे तरी काम होईल. पण माझ्या नियमाला कुलूप आहे आणि त्याचा पासवर्ड हेमाताईंकडे असतो. त्याने त्यांना फोन केला. गुरुवार असल्यामुळे त्या निघालेल्याच होत्या. मांडवामुळे रस्ता बंद, म्हणून पुलापासून चालत येत होत्या. त्याने घाईघाईने सांगितले की, एक छोटासा चेंज करायचा आहे, लॉजिक सिंपल आहे, फिफ्टी-फिफ्टी चान्स आहे. हेमाताईंचा आवाज मला फोनमधून ऐकू आला.

"कशाला हात लावू नकोस. आलेच मी."

त्या आल्या तेव्हा त्यांना दम लागला होता. पर्स ठेवून त्या उभ्या उभ्याच पडदा वाचू लागल्या. शुभंकर पुन्हा समजावू लागला.

"मॅडम, वेळ नाहीये. निदान ट्राय तरी करू. रिप्लाय पडून राहण्यापेक्षा कुणाला तरी मिळालेला बरा."

"शुभंकर, अंदाजानं दिलेलं उत्तर चुकलं, तर ते चुकलंय हेच कुणाला कळत नाही. कर्वेनगरवाले 'ए' गटाची पिशवी आली म्हणून निर्धास्त होतील आणि या सोनूचा प्रश्न तसाच पडून राहील. न दिलेलं उत्तर निदान लाल दिसतं. ते दिसतंय म्हणूनच आपण तिघं इथं उभे आहोत."

मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आले असते, तर मी नेमके हेच बोललो असतो, इतके नीट नाही कदाचित.

हेमाताईंनी आपल्या मोबाइलवरून श्रीधरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. जुन्या विद्यार्थ्याने बाईंचा फोन पहिल्या घंटेला उचलला.

"बोला मॅडम."

"श्रीधर, तुझ्याकडून 'आहे' असं आलंय. कुणाला आहे?"

"ज्यानं विचारलं त्याला."

"कुणी विचारलं?"

"ते तुमच्या यंत्राला माहीत हवं."

"यंत्र खुणेवरून ओळखतं. खूण तू कापलीस."

"लोकांना लांब उत्तरं लागतात कशाला, मला कळत नाही. आहे म्हणजे आहे."

हेमाताईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"वर्गात दारात कोण उभं होतं, आठवतंय?"

ढोल वाजायचे थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

"मी," श्रीधर म्हणाले.

"काय म्हणाला होतास?"

"हो म्हणालो होतो."

"आणि आजोबा?"

"उतरून आले होते, चार मजले." मग कळफलकावर बोटे चालल्याचा आवाज आला. या वेळी ते आपणहून बोलले. "बी गट, मॅडम. बिबवेवाडी. रुग्णाचं नाव सोनू. कर्वेनगरच्या प्रश्नाला अजून उत्तर दिलेलंच नाही, ए गट तपासायचाय. या पिशवीची मुदत संपत आलीय."

"वाढव."

"मुदत वाढवायचा अधिकार मला नाही. पण पोच आलेली नाही, त्याअर्थी उत्तर पोचलेलं नाही, त्याअर्थी मुदत सुरूच झालेली नाही, असं मी समजू शकतो."

"मग तसं समज. आणि खूण जोड."

"जोडतोय."

ते पूर्ण उत्तर आले तेव्हा मला जे वाटले ते तुम्हाला कसे सांगू? खूण होती, पत्ता होता. नाव लिहिलेल्या पाकिटासारखे ते उत्तर होते. ते उचलून मी बिबवेवाडीला धाडले. पोच आली नाही. रुग्णालयाकडची तार मधेच अडखळत होती. मी पुन्हा धाडले. पोच आली नाही. मी पुन्हा धाडले. याच कामासाठी मला घडवले आहे, मित्रांनो. समोरचे दार उघडेपर्यंत वाजवत राहायचे, पण वाजवायचे नेमके तेच दार. अखेर पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली. पोच मिळाली. पाठोपाठ होकारही आला: पिशवी राखून ठेवा, नातेवाईक नमुना घेऊन येत आहेत.

"हो," शुभंकर उत्तरेश्वरला म्हणाला. "काका, हो. तुमच्या सोनूसाठीच आहे. चला, मी गाडीवर सोडतो."

उत्तरेश्वरने पटकन डबा उचलला. आत बर्फ खुळखुळला. हेमाताईंनी त्याला थांबवले. प्लेटलेट्सना बर्फ चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. त्यांनी सगळा बर्फ मोरीत ओतायला लावला, डबा आपल्या हातांनी कोरडा पुसला आणि त्याला समजावले की, हे कण एका जागी ठेवले तर एकमेकांना चिकटतात, म्हणून पिशवी सारखी हलवत न्यायची, जोरात नाही, लहान बाळाला झोपवताना पाळणा हलवतो तशी. तो मान हलवून निघाला.

पुढचे मी शुभंकरच्या तोंडून ऐकले. पेढीत तपासणी होऊन पिशवी हातात पडल्यावर उत्तरेश्वर गाडीवर मागे बसला. बिबवेवाडीपर्यंत, मांडवांच्या वळणांवर, सिग्नलला, खड्ड्यांतून, तो मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी हळूहळू झुलवत होता. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी विचारले, काय हो, मांजराचं पिल्लू आहे का? त्याचे सगळे लक्ष हातांकडे होते.

दुसऱ्या दिवशी सोनूच्या खुणेने बिबवेवाडीहून एक निरोप आला. त्यात दोनच शब्द होते: "गरज संपली."

मित्रांनो, गरज दोन कारणांनी संपते. मुलगी बरी झाली, तरी संपते. आणि दुसरे कारण मी उच्चारत नाही. मी नियमाप्रमाणे तिचा प्रश्न मिटवला. पण माझा स्वतःचा एक प्रश्न उरला आणि तो कुठल्या पत्त्यावर पाठवायचा, हे मला ठाऊक नव्हते. मी तो ठेवून दिला.

त्यानंतर आमच्याकडे काही गोष्टी बदलल्या. रंगरावांसाठी 'ए' गटाची पिशवी दुसऱ्या पेढीत मिळाली, हे मला लगेच कळले, कारण त्या पेढीने पूर्ण उत्तर पाठवले होते. शुभंकरने पडद्यावरची पिवळी चिठ्ठी काढून भिंतीवर लावली आणि घंटेचा आवाज चालू केला. शिवाय हेमाताईंजवळ बसून त्याने मला एक नवा नियम शिकवला. आता खूण नसलेले उत्तर आले की, मी ते नुसते पेटीत ठेवत नाही. पाठवणाऱ्याकडे तत्काळ परत जातो आणि 'कुणाला?' असे विचारतो. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहतो. विश्वस्तांना शुभंकरने सांगितले की, नवीन काही घ्यायचे तर घ्या, पण हा नियम त्यातही जाईल, नाही तर मी जाईन. अजून तरी मीच काम करतो आहे. श्रीधरांनी आपल्या टेबलावर एक पाटी लावली आहे, असे ऐकतो: 'येथे उत्तरासोबत खूण दिली जाते. आभार मानून वेळ घालवू नये.'

आता माझे मागणे सांगतो. तुम्हाला कुणी काही विचारले, तर उत्तर द्या. माहीत नसेल तर 'माहीत नाही' हेही उत्तरच आहे, पण ते द्या. आणि देताना ते कुणाला, कशाबद्दल आहे हे समोरच्याला कळेल असे द्या. घाईत दोन शब्द वाचवू नका, तेवढ्यासाठी कुणाला तरी चार मजले उतरावे लागतात. घरात, वर्गात, कुठेही एखादा लाल ठिपका दिसला, तर त्यावर चिठ्ठी चिकटवू नका. आणि माझ्यासारख्या जुन्या यंत्राच्या पंख्यातली धूळ अधूनमधून झाडत जा. आम्हाला हार नको असतात. पाकळ्या अडकतात.

इथे मी थांबलो असतो. पण परवाच्या गुरुवारी काय झाले तेही सांगायला हवे.

हेमाताई कुंचला घेऊन माझ्याजवळ बसल्या होत्या. जिन्यावर पावले वाजली. एक जोडी मी ओळखली. दुसरी हलकी होती आणि दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होती. उत्तरेश्वर दारात आला. त्याच्यामागून लाल रिबिनी बांधलेली एक मुलगी पुढे झाली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेले पेढे होते. रजाच मिळत नव्हती, म्हणून यायला उशीर झाला, असे तो म्हणाला. शुभंकर उठून उभाच राहिला. मुलीने खोलीभर नजर फिरवली आणि विचारले की, ते उत्तर देणारं यंत्र कुठंय? हेमाताईंनी टेबलाखाली बोट दाखवले.

ती वाकून माझ्यासमोर बसली. एवढंच होय, असे तिच्या चेहऱ्यावर दिसले, पण ती तसे म्हणाली नाही. याला काय म्हणायचं असतं, थँक्यू का, असे तिने विचारले. हेमाताईंनी कुंचला खाली ठेवला. मग त्यांनी तिला सांगितले की, याला थँक्यू कळत नाही, पण एक शब्द कळतो. त्यांनी तो तिच्या कानात सांगितला.

सोनूने माझ्या घरघरणाऱ्या पाठीवर हात ठेवला.

"पोचलं," ती म्हणाली.

आणि मी जवळ ठेवून दिलेला तो एक प्रश्न मिटवला.